सुरेखाची एक मैत्रीण

विट्याच्या आसपासच्या गावांत नवरा घरी नसणं हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. घरटी एखादा तरी गडी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी मुलूख सोडून गेलेला असतो. गलाईवाले म्हणतात त्यांना. कुणी केरळात, कुणी पार बंगालात. दिवाळीला नाहीतर जत्रेला यायचं, पोरांना कपडे आणायचे, चार दिवस ओट्यावर बसून परमुलखाच्या बाता मारायच्या आणि पुन्हा पिशवी उचलायची. सुरेखाचा बाप असाच त्रिचूरला होता. आई मागं घर, म्हशी, सासू, भाऊबंदकी सगळं एकटी ओढायची. कुणी विचारलं, मालक कधी येणार, तर म्हणायची, "येतील की. गडी मुलखाला गेला की इचारत बसू न्हाई. त्यालाबी तिथं करमत न्हाई आन् आपल्यालाबी हितं."

हे सुरेखाच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की २०१४ च्या जूनमध्ये चंद्रशेखर म्हणाला, "दुबईला प्रोजेक्ट आहे, सहा-आठ महिने लागतील," तेव्हा तिनं फक्त एकच विचारलं, "मेतकूट देऊ का करून?"

चंद्रशेखर पुण्याचा. सिंगापुरात एका बँकेच्या सॉफ्टवेअरचा मॅनेजर. त्याच्या नोकरीच्या पासवर, म्हणजे तिथं राहायच्या परवान्यावर, सुरेखा आणि मुलगी इरा या दोघी आश्रित म्हणून आलेल्या. बुकित बातोकमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. खाली झाडं, पलीकडे टेकडी, आणि दाराबाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात शेजारच्या चिनी म्हातारीच्या कुंड्या. म्हातारी आणि सुरेखा रोज एकमेकींकडे बघून हसायच्या. सात वर्षांत त्या हसण्याच्या पुढे दोघींनाही जाता आलं नव्हतं. भाषाच नव्हती मध्ये.

मराठी माणसं नव्हती असं नाही. चिक्कार होती. पण पहिल्याच वर्षी गणपतीच्या जेवणात सुरेखा वाढता वाढता बोलून गेली, "घ्या की वं अजून, लई हाय," आणि एक बाई खळखळून हसली. वाईट मनानं नव्हती हसली. "अय्या, किती गोड! परत म्हणा ना!" असं म्हणाली. घरी येताना गाडीत चंद्रशेखर म्हणाला, "चार लोकांत जरा नीट बोलावं." त्यानंतर सुरेखा चार लोकांत जायचीच बंद झाली. तिची खरी बोली उरली ती कुकरशी बोलण्यापुरती. "व्हय रं बाबा, दे शिट्टी, का आता हात जोडू तुला?"

इरा पंधराची. भारतीय शाळेत दहावीला. आईशी बोलताना मराठी वाक्य अर्ध्यावर आलं की तिला धाप लागायची आणि उरलेलं इंग्रजीत जायचं, तेही सिंगापुरी, शेवटी 'लाह' नाहीतर 'मेह' लावलेलं. पोर हुशार, अभ्यासाला सांगावं लागायचं नाही. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होती, आणि घरात दुसरा विषय नव्हता.

जानेवारीत शाळेच्या ऑफिसातून फोन आला. येऊन जा म्हणाले.

ऑफिसातली बाई तमिळ, वयस्क, चष्मा दोरीला बांधलेला. तिनं इराच्या पासचं कार्ड मागितलं. सुरेखानं पर्समधून दोन्ही कार्डं काढून टेबलावर ठेवली. जपून ठेवलेली होती, प्लास्टिकच्या पाकिटात. बाईनं नंबर कॉम्प्युटरवर टाकला, थोडा वेळ बघितलं, आणि स्क्रीन सुरेखाकडे वळवला.

"कॅन्सल्ड, मॅडम. ऑगस्टमध्येच."

सुरेखा हसलीच. "नो, नो. डेट आहे ना." तिनं कार्डावर बोट ठेवलं. दोन हजार सोळा. स्वच्छ छापलेलं. सरकारनं छापलेली तारीख कशी खोटी होईल? तिच्या गावात रेशनकार्डावर मेलेल्या माणसाचं नावसुद्धा दहा वर्षं चालतं.

"डेट डझन्ट मॅटर," बाई हळूच म्हणाली. "युअर हजबंड्स पास कॅन्सल्ड, सो युअर्स ऑल्सो."

सुरेखाला तेवढं इंग्रजी कळत होतं. कळलं नाही ते त्यातलं गणित. विट्याकडे गडी सात मुलूख फिरला तरी बायकोच्या पायाखालचं जोतं तसंच राहतं. उलट तो नसला की ते जोतं तिचं होतं. इथं मात्र माणसाची नोकरी हलली, आणि बाईच्या पायाखालची फरशीच कुणीतरी काढून नेली होती. पाच महिने ती हवेत चालत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

बाईनं पुढचं सांगितलं. चालू पास दाखवल्याशिवाय पोरीला पटावर ठेवता येणार नाही. परीक्षेला नाव गेलेलं आहे, पण कागद तर लागणारच. मुख्याध्यापकांना सांगून थोडी मुदत घेते म्हणाली. मग ड्रॉवरमधून एक छापील पत्रक काढून तिच्या हातात दिलं. परदेशी माणसांना कागदपत्रांत मदत करणाऱ्या संस्थेचा, सेरंगून भागातला पत्ता होता त्यावर. "टॉक टू दीज पीपल. दे डोन्ट स्कोल्ड."

सुरेखानं पत्रक पर्समध्ये कोंबलं आणि घरी येऊन पहिल्यांदा दुबईला फोन लावला.

"अहो, ते शाळेत म्हणतात पास रद्द झालाय."

पलीकडे बराच वेळ नुसती गाड्यांची घरघर.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. अगं, मी बघतोय त्याचं."

"काय बघताय? रद्द झालाय का न्हाई, तेवढं सांगा."

"झालाय." मग एकदम भराभरा बोलायला लागला. कंपनीनं जूनमध्येच काढलं होतं. दुसरीकडे होईल असं वाटलं होतं. दुबईची नोकरी मिळाली, पण फॅमिलीचं तिथं अजून जमत नाही. इराचं दहावीचं वर्ष. "कार्डं परत द्यावी लागतात, ती हरवली म्हणून सांगितलं मी कंपनीला. म्हटलं, मार्चपर्यंत कोण विचारतंय? परीक्षा झाली की तिकीट पाठवणारच होतो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू कधी विचारलंस?"

खरंच की. तिनं कधी विचारलं होतं?

"आता ऐक," तो म्हणाला. "कुठल्या ऑफिसात जाऊ नकोस. आत टाकतील. अगदीच वेळ आली तर म्हण, आजारी होते, कार्ड हरवलं, काही कळलं नाही. मी शाळेशी बोलतो."

तो शाळेशी बोलला नाही. दोन दिवस त्यानं फोनच उचलला नाही.

त्या दिवसांत सुरेखाला सिंगापूर वेगळंच दिसायला लागलं. बसमध्ये तिकीट तपासनीस चढला की ती पुढच्याच थांब्यावर उतरायची. लिफ्टमध्ये गणवेशातला माणूस दिसला की ती जिना धरायची, अकरा मजले. बाजारात कोथिंबीर निवडता निवडता तिच्या मनात यायचं, इतक्या माणसांत एकालाही माहीत नाही की ही बाई इथं नाही. कागदावर नाही. शेजारची म्हातारी हसली तर सुरेखानं मान वळवली, आणि दार लावून घेतल्यावर स्वतःलाच म्हणाली, "तिनं काय घोडं मारलंय गं तुजं?"

इराला तिनं सांगितलं नाही. पोर पुस्तकात डोकं घालून बसलेली. तिच्यासमोर दुधाचा कप ठेवायचा, आणि उभं राहायचं नाही.

रविवारी ती सेरंगूनला गेली.

मोठ्या मॉलच्या मागं एका इमारतीच्या तळमजल्यावर खोली होती. बाहेर म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि टेबलामागं पन्नाशीची, आखूड केसांची बाई. सुरेखा बसली, आणि मग तिचं लक्ष बाईच्या छातीवरच्या पट्टीकडे गेलं. विनीता नाबर.

मेले, असं सुरेखा मनात म्हणाली. मराठी! आता हे संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी मंडळात. उठून जावं, तर बाई हसून बघत होती. सुरेखानं पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली आणि हिंदीत सुरुवात केली.

"मेरी एक सहेली है. उसका बहुत प्रॉब्लेम हुआ है. उसका मालिक दुबई को गया, और इधर उसका पास रद्द हो गयेला है…"

विनीतानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "हिंदी राहू दे हो. माझीही अशीच आहे, नवरा म्हणतो तुझ्या हिंदीनं उत्तर भारत रडतो. मराठीत बोला."

सुरेखाचे कान तापले. "माझी नाही गोष्ट. मैत्रिणीची."

"मैत्रिणीचीच. मी कुठं काय म्हटलं?" विनीतानं खुर्ची पुढं ओढली. "दिवसा मी नोव्हेनाला हॉस्पिटलात बिलं करते. इथं रविवारी बसते. इथलं बोलणं इथंच राहतं. मी मंडळातही जात नाही, मला त्यांची बासुंदी-पुरी पचत नाही. मैत्रिणीला मुलं आहेत?"

"एक पोरगी. दहावीला."

"मैत्रिणीला काय वाटतं, काय करावं?"

"तिचा नवरा म्हणतो गप बस. मार्चपर्यंत."

"आणि मैत्रीण काय म्हणते?"

असं सुरेखाला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"तिला कळंना झालंय," ती म्हणाली.

विनीता बोलायला लागली, सावकाश, तांदूळ निवडावेत तशी. "मी वकील नाही. आमच्याकडे वकीलबाई येतात, त्यांच्याशी गाठ घालून देते, पैसे लागत नाहीत. पण तुमच्या मैत्रिणीला एवढं सांगा. गुन्हा आहे, हे खोटं सांगणार नाही. दिवस गेला की तो वाढतो. सापडलेल्या माणसाकडे एका नजरेनं बघतात, आणि आपल्या पायानं आलेल्याकडे दुसऱ्या. म्हणून आपण जायचं. पासपोर्ट, जुनी कार्डं, शाळेचं पत्र, सगळं घेऊन. खरं तेवढंच सांगायचं. भाषा कळली नाही तर दुभाषा मागायचा, तो मागता येतो. वाचल्याशिवाय सही करायची नाही. लाजायचं नाही, म्हणायचं पुन्हा सांगा."

"आत टाकतील?"

"चौकशी करतील. चौकशी चालू असताना थांबायचा परवाना देतात बहुतेक वेळा. पासपोर्ट ठेवून घेतील. शेवटी काय, ते त्यांच्या हातात. मी शब्द देऊ शकत नाही. बहुतेक देश सोडावा लागेल."

"आन् परीक्षा?" सुरेखा एकदम पुढं झुकली. "पोरीनं काय केलंय? तिची परीक्षा बुडाली तर तिचं वरीस गेलं की वं! मी जाईन कुटंबी, मला टाका आत, पर तिला…"

आणि ती थांबली.

विनीतानं पाण्याची बाटली पुढं सरकवली आणि जणू काही ऐकलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "मैत्रिणीला सांगा, पोरगी अठराच्या आतली आहे, हे तिच्या बाजूचं आहे. मुलीची परीक्षा आहे, तेवढी होऊ द्या, असं लेखी मागायचं. शाळेनं पत्र द्यावं. मिळतंच असं नाही. पण मागायचा हक्क आहे. न मागता कुणी देत नाही. आणि समजा नाही मिळालं, तर भारतात शाळा तिला घेईल. वर्ष गेलं तरी पोरगी जात नाही."

सुरेखा घोटभर पाणी प्यायली.

"मैत्रीण एकटी जाणार असेल तर मी सुट्टी टाकून बरोबर येते," विनीता म्हणाली.

"नगं," सुरेखा म्हणाली. "ती जाईल एकटी. तिला सवय हाय."

बाहेर आल्यावर तिला वाटलं, हो म्हणायला हवं होतं. पण परत आत जाणं काही जमलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं इराला सांगितलं. जेवणं झाल्यावर, ताटं तशीच टेबलावर. इरा ऐकत होती, आणि तिचा चेहरा बंद होत होता.

"सो वी आर इल्लीगल, इज इट?"

"तू नाहीस. माझ्यामुळं झालंय."

"डॅडींनी केलंय! तू का कव्हर करतेस त्यांना? अँड यू, यू नेव्हर चेक मेह? पाच महिने?" इरा उठली. "माझ्या सगळ्या फ्रेंड्सना आयडी विचारतात लायब्ररीत. मी पण दाखवते. लाइक अ फूल."

"आमच्याकडे इचारत न्हाईत, बाळा."

"व्हॉट आमच्याकडे? आमच्याकडे म्हणजे कुठे? मी तर तिथे कधी राहिलेच नाहीये!"

दार आपटलं. मग दारामागून रडण्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पान उलटल्याचा. सुरेखा भिंतीला टेकून बसली. आईला विट्याला फोन करावा असं आलं मनात. पण काय सांगणार? आई म्हणाली असती, मालक येतील की.

शाळेतल्या बाईनं पत्र तयार ठेवलं होतं. दोघी मायलेकी सकाळी लॅव्हेंडरच्या इमिग्रेशन ऑफिसात गेल्या. एमआरटीच्या गाडीत इरा दोन हात लांब उभी राहिली, कानात वायरी. तिथं पोचल्यावर मात्र काउंटरवर तीच आधी बोलली. सुरेखाला तिची इंग्रजी वाक्यं अर्धीमुर्धी कळली. पोरीचा आवाज कापत नव्हता. आई, मी, पास कॅन्सल, वी डिडन्ट नो, वी केम अवरसेल्व्ह्ज.

मग दोघींना वेगळं केलं. इराला बाहेर एका महिला अधिकाऱ्याजवळ बसवलं, सुरेखाला आतल्या खोलीत. पासपोर्ट गेले. टेबलापलीकडे तरुण मलय अधिकारी होता, नम्र, हळू बोलणारा. सुरेखानं दुभाषा मागितला. हिंदी बोलणारी बाई आली.

तुम्हाला कधी कळलं? शाळेनं सांगितलं तेव्हा. नवऱ्यानं सांगितलं नव्हतं? नाही. तो कुठे आहे? दुबईत. कार्डं कुठे होती? माझ्याजवळ, पर्समध्ये, रोज.

आजारी होते, हरवलं होतं, हे शब्द तिच्या घशाशी तयार होते. नवऱ्यानंच घालून ठेवलेले. तिनं ते गिळले.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "सहा-सात महिने नवरा दुसऱ्या देशात आहे. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, की तुमच्या पासचं काय?"

दुभाषा बाईनं हिंदीत सांगितलं.

"हमारे उधर आदमी बाहर रहता है," सुरेखा म्हणाली. "औरत पूछती नहीं. घर संभालती है. मेरी मां ने भी नहीं पूछा कभी. मेरी गलती है. लड़की की नहीं. उसका परीक्षा होने दो, फिर जिधर बोलेंगे उधर जाऊंगी."

बाईनं त्याचं इंग्रजी केलं. तिचं इंग्रजी सुरेखाच्या बोलण्यापेक्षा फार छोटं वाटलं. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं, बाईला ते सुरेखाला हिंदीत वाचून दाखवायला लावलं, आणि मगच सही घेतली.

त्या दिवशी थांबायचा परवाना मिळाला, थोड्या दिवसांचा. परीक्षेचं काही बोलले नाहीत. कळवू, एवढंच. मग सुरू झालं ते जाणं-येणं. मुदत संपत आली की जायचं, बसायचं, शिक्का घ्यायचा. शाळेनं इराला वर्गाबाहेर केलं नाही, पण मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं, परवानगी आली तरच हॉलमध्ये. इरा रोज अभ्यास करत होती, बसायला मिळेल की नाही हे माहीत नसलेल्या परीक्षेचा. तिनं आईला एकदाही विचारलं नाही, आलं का पत्र. सुरेखाला तिचं न विचारणं आपल्या न विचारण्यापेक्षा जड वाटायचं.

पहिल्या पेपरच्या आदल्या आठवड्यात शिक्का आला. परीक्षा संपेपर्यंत मुदत, आणि त्यानंतर लगेच देश सोडायचा. सुरेखाला कडक ताकीद, आणि काही वर्षं इकडे परत यायचं नाही. तिनं कागद इराला दाखवला. इरानं तो वाचला, दोनदा वाचला, आणि गणिताचं पुस्तक उघडलं.

"थँक्स, ममी," ती पुस्तकातच बघून म्हणाली.

चंद्रशेखरचा फोन आला तेव्हा सुरेखानं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघ, झालं ना व्यवस्थित?" सुरेखा म्हणाली, "तिकिटं दोन काढा. विट्याची." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, "तुम्ही येणार आहात का तिथं, ते आजच सांगा." पलीकडे पुन्हा गाड्यांची घरघर. तिनं फोन कानाला धरून ठेवला. उत्तर न आल्यावर ठेवून दिला.

शेवटच्या पेपरला ती शाळेबाहेरच्या बसथांब्यावर बसून राहिली. ऊन तापलं होतं. घंटा झाली आणि पोरं फाटकातून धबधब्यासारखी बाहेर आली, किंचाळत, एकमेकांच्या शर्टावर पेननं नावं लिहीत. इराच्या पाठीवर कुणीतरी मोठ्ठं काहीतरी लिहिलं होतं. ती धावत आली. तिचा चेहरा सुरेखानं कित्येक महिन्यांत असा उघडा पाहिला नव्हता.

"चांगला गेला?"

"ओके लाह. ममी, सगळे मॉलला जातायत. लास्ट टाइम. यू गो होम फर्स्ट, कॅन?"

"कॅन," सुरेखा म्हणाली.

इरा हसली. पळतच गेली. घोळक्यात शिरली आणि लगेच कुठली ती ओळखू येईना.

बाकावर शेजारी एक चिनी बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती कौतुकानं पोरांकडे बघत होती. "युअर डॉटर आह? एक्झाम फिनिश?"

"फिनिश."

"वाह. नाऊ कॅन रिलॅक्स. गो बॅक इंडिया, हॉलिडे?"

सुरेखानं तिच्याकडे बघितलं. बाईचे डोळे मायाळू होते. सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची, आणि कोणत्या भाषेत.

"येस," ती म्हणाली. "हॉलिडे."

"गुड, गुड. लाँग वन?"

"लाँग," सुरेखा म्हणाली.

बस आली. बाई चढली, वळून हात हलवून म्हणाली, "एन्जॉय हां!" सुरेखानंही हात हलवला. तीच बस तिच्या घराकडे जाणारी होती. दार बंद झालं, बस वळणावरून गेली. सुरेखा थांब्यावर बसून राहिली, पोरांचा आवाज कमी कमी होत पूर्ण थांबेपर्यंत.